‘सागरकडा २’मधलं रिकामं गाव

३ फेब्रुवारी, सकाळी ९.१०
आमचा व्हिडिओ गेम ‘सागरकडा २’ आज बाजारात आला. सहावा अध्याय, म्हणजे किनाऱ्यावरचं गाव, पूर्ण माझा. एकतीस घरं, दगडी कुंपणांचे गडगे, पायऱ्यांच्या पाखाड्या, विहीर. चौदा महिने कोकणातल्या या घरात एकटीने बसून बांधला. पुण्याच्या ऑफिसात इतकी एकाग्रता जमली नसती.
निश्चय: परीक्षणं वाचायची नाहीत.

३ फेब्रुवारी, दुपारी १२.४०
नऊ परीक्षणं वाचली, फक्त तांत्रिक तक्रारी तपासायला. जहाजावरची तलवारबाजी सगळ्यांना आवडली. कड्यांवरची चढाई पहिल्या भागापेक्षा सुधारली म्हणतात. सहाव्या अध्यायाबद्दल नऊपैकी सात जणांचा एकच शब्द: रिकामा. एकाने लिहिलंय, गाव सुंदर आहे, पण माणसं घालायची राहून गेली.
राहून गेली नाहीत. आमच्या वाडीत एकतीस घरं आहेत आणि बावीस घरांना कुलूप आहे, माणसं मुंबईला. उरलेल्या नऊ घरांतली माणसं दुपारी आडवी होतात, आणि गेमचा नायक रावजी गावात दुपारीच पोहोचतो. मी मोजून बांधलंय.

४ फेब्रुवारी
सरासरी शंभरपैकी ५८. पहिल्या भागाला ८१ होते. दोन दिवसांत गाव लोकांच्या लक्षात येईल.

५ फेब्रुवारी
लोकांना थोडी मदत केली. एका फोरमवर ‘सामान्य खेळाडू’ या नावाने मुद्देसूद लिहिलं: गाव रिकामं नाही, बंद आहे. कुलपांचे चार प्रकार आहेत. सात कुलपं जास्त गंजलेली आहेत, कारण ती घरं फक्त गणपतीत उघडतात. वीस मिनिटांत कुणीतरी विचारलं, सामान्य खेळाडूने गंज कधी मोजला? खातं बंद केलं. मुद्दा कुणालाही खोडता आला नाही, याची नोंद.

७ फेब्रुवारी
अभयचा फोन. तो टीमचा प्रमुख. म्हणाला, वीस तारखेला अपडेट जातोय. एक तर गावात माणसं घाल, नाहीतर सहावा अध्याय काढून टाकतो, रावजी होडीतून थेट सातव्यात उतरेल. मी म्हटलं, इथे येऊन बघ, असंच असतं. तो म्हणाला, अगं, मी कोकणात मासे खायला येतो, कुलपं बघायला नाही. मग विचारलं, तू तिथे बोलतेस कुणाशी? मी म्हटलं, विषय गेमचा चाललाय.
अध्याय काढू देणार नाही. निश्चय: बारा माणसं. गेमसाठी शरीरं तयार विकत मिळतात. प्रत्येकाची तीन वाक्यं रेकॉर्ड करायची. एका दुपारचं काम.

८ फेब्रुवारी
माइक तपासला.

९ फेब्रुवारी
माइक पुन्हा तपासला.

१० फेब्रुवारी
वाक्यं स्वतःच लिहिली, बारा वेगवेगळ्या आवाजांत स्वतःच म्हटली आणि अभयला पाठवली. त्याचं उत्तर: बाराही माणसं रावजीला हाकलून द्यायला टपल्यासारखी वाटतात. कारण तांत्रिक आहे. माइक फार जवळ होता.

११ फेब्रुवारी, सायंकाळी ५.३०
चारला गोदाकाकूकडे गेले. तिचं घर माझ्यापासून चाळीस मीटरवर. तिच्या पडवीत पहिल्यांदाच बसले. तिने विचारलं, काय गो बाय, वीज गेली काय तुझी?
काम समजावलं. अनोळखी माणूस दारात येतो, तू काय बोलशील? म्हणाली, कोन हाय तो? रावजी. कुठचा रावजी, वरच्या वाडीतला? मी म्हटलं, खरा नाही, गेममधला आहे. ती म्हणाली, खरा नसला तरी कुनाचा तरी असंल ना! मग माझ्या माइककडे बघून म्हणाली, कुनाचा रं तू? उन्हाचा आलास, बस. पानी देऊ?
वाक्यं मिळाली, मी उठले. ती म्हणाली, त्याला पानी दिलं, तुला च्या नको? बस खाली.
रेकॉर्डिंग ५२ मिनिटं. गुडघा, सून, शेजारच्या गंगारामअण्णांशी आंब्याच्या कलमाच्या फांदीवरून झालेला तंटा. उपयोगी भाग ४० सेकंद. वेळेचा अपव्यय. मध्ये कोंबडा आरवलाय, उद्या पुन्हा जावं लागेल.

१४ फेब्रुवारी
रोज चारला जाते आहे. कारणं अनुक्रमे कोंबडा, टेंपो, मिक्सर. आज गोदाकाकूने गंगारामअण्णा आणि वाडीतली येसूबाई दोघांनाही बोलावलं. अण्णांनी रावजीला विचारलं, तलवार घेऊन फिरतोस, कामधंदा काय करतोस? येसूबाई म्हणाली, गप ऱ्हावा, पाव्हना हाय तो. दोन्ही वाक्यं ठेवली.

१७ फेब्रुवारी
बारा जणांचं रेकॉर्डिंग कालच पूर्ण झालं. आज चारला गेले ते पडवीतल्या ध्वनीचा सर्वसाधारण अभ्यास करायला. माइक नेला नाही.

२० फेब्रुवारी
अपडेट गेला. अध्याय बचावला. आता चार दिवस घराबाहेर पडायचं नाही, फक्त प्रतिसादांवर लक्ष ठेवायचं.

२४ फेब्रुवारी, दुपारी ३.२०
सरासरी ७४. एका परीक्षकाने लिहिलंय: या गेममध्ये दिसेल तो रावजीला मारायला धावतो. सहाव्या अध्यायात एका म्हातारीने त्याला बसायला सांगितलं, आणि मी वीस मिनिटं तिच्या पडवीतून हललो नाही.
अभय म्हणाला, तिसऱ्या भागाचा सगळा किनारा तुझा, फक्त त्या आजींची अजून वीस वाक्यं आण.
काकूला परीक्षण वाचून दाखवायचं. उत्साह न दाखवता.

२४ फेब्रुवारी, दुपारी ४.१५
गोदाकाकूच्या दाराला कुलूप. येसूबाई म्हणाली, तिचा मोठा मुलगा संदेश काल सकाळी गाडी घेऊन आला, विरारला घेऊन गेला. म्हातारीला एकटीला किती दिवस ठेवायची म्हणाला. तिने गडग्यावरून तुला दोनदा हाक मारलीन गो. तू कानांवर ते लावून बसलेलीस.
हेडफोन बाहेरचा आवाज पूर्ण तोडतात. चांगल्या प्रतीचे आहेत.

२७ फेब्रुवारी
विरारला फोन केला. कामाचा. संदेशने तिला दिला. रेकॉर्डिंग सुरू केलं आणि म्हटलं, समज, रावजी दारात आलाय. ती म्हणाली, हितं दारात कोन येत नाय गो. खालून वॉचमन फोन करतो, मग दार उघडायचं. मग तिनेच मला विचारलं, वेळेवर जेवतेस ना?
शिमग्याला येशील का, असं मी विचारलं. पुढच्या रेकॉर्डिंगचं वेळापत्रक ठरवायचं होतं. ती म्हणाली, संदेशला विचार. संदेश म्हणाला, बघू.
एकूण चार मिनिटं दहा सेकंद. मागे टीव्ही, लिफ्ट, कुकरच्या तीन शिट्ट्या. गेममध्ये वापरता येईल असं एकही वाक्य नाही. खात्री करायला सहा वेळा ऐकलं.