मधला आवाज

आबा,

तुमचा खोका अजून माझ्याजवळ आहे. मी एका जागी टिकत नाही हे तुम्हाला ठाऊक होतं, आणि तुम्ही गेल्यावर तर रोखणारंही कोणी उरलं नाही, पण जिथे जातो तिथे तो प्लायवूडचा स्पीकर आणि ती एक कॅसेट बरोबर असते. सुरतेत कतारगामला मंडपवाल्याकडे कामाला होतो तेव्हा खुर्च्यांच्या थप्पीमागे ठेवला होता, मध्ये वापीला गेलो तेव्हा ट्रकच्या केबिनमध्ये पायाशी घेऊन बसलो, सध्या कडोदऱ्याच्या खोलीत खिडकीखाली आहे. खोलीतला जोडीदार म्हणतो, सगळीकडे सीडी वाजायला लागली आणि तू हे काय धूड घेऊन हिंडतोस. त्याला काय सांगणार. तसा तो चांगला आहे, विदर्भातला आहे, चहात मीठ घालून पितो, पण ते जाऊ दे. मी तुम्हाला खोक्याबद्दल लिहायला बसलोय.

मुळात खोका वाईट नव्हता. तुम्ही जुन्या बाजारातून एक मोठा स्पीकर आणि बारीक आवाजाचा एक चिमुकला ट्विटर आणलात, सुताराकडून पेटी ठोकून घेतलीत आणि भेस्तानच्या आपल्या खोलीत टेपला जोडून चुलीच्या समोरच्या कोपऱ्यात जमिनीवर ठेवलीत. ढोलकी अशी वाजायची की फळीवरच्या ताटल्या थरथरायच्या. झांज पण वाजायची. मधलं काही नव्हतं. गाणाऱ्या बाईने तोंडाला पदर लावलाय असं वाटायचं. तुम्ही खोक्याच्या जाळीला कान लावून, डोळे मिटून, अख्खी अख्खी दुपार बसायचात आणि मग माझ्याकडे बघायचात. "ती काय बोलस?"

ती म्हणजे माय. कॅसेट ताईच्या हळदीची होती. शेजाऱ्याच्या टेपवर बायकांनी गाणी भरली होती, आणि गाणी संपल्यावर सगळ्या मायच्या मागे लागल्या की तू पण नाव घे. माय तुम्हाला कधी नावाने बोलवायची नाही, त्या पिढीत कोणाचीच बायको बोलवत नव्हती. "अहो" पण नाही, नुसता भांड्याचा आवाज करायची आणि तुम्ही वळून बघायचात. नाव घ्यायचं ते उखाण्यात, चारचौघींत, कोणाच्या तरी लग्नाकार्यात. तर ती लाजत लाजत म्हणाली, "उभा धागा, आडवा धागा, कापड झालं ताठ," आणि मग तुमचं नाव, आणि "यांच्या सोबतीनं धरली सुरतची वाट." बायका हसल्या, कारण तुम्ही नेमके तेव्हा मागावरची पाळी सुटून दारात उभे होतात. सगळ्या तुमच्याकडे बघून हसल्या म्हणून तुम्ही पण हसलात. नाव तुम्हाला ऐकूच आलं नव्हतं. लूमच्या खात्यातून, त्या मागांच्या खडखडाटातून, बाहेर पडल्यावर तुमचे कान कितीतरी वेळ भरलेले असायचे, तुम्हाला वाटलं, जरा वेळाने विचारू. मग पाहुणे, जेवणं, ताईची पाठवणी. आणि पुढच्या वर्षी कावीळ होऊन माय गेली. एवढ्या संसारात तिने तुमच्या देखत तुमचं नाव घेतलं ते त्या एकदाच, आणि ते कॅसेटमध्ये होतं, आणि खोका ते सोडत नव्हता.

मी तेव्हा उधन्याच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसत होतो. बसत होतो म्हणजे, शाळा सुटली होती आणि कुठेतरी बसायचं होतं. मालक गुजराती काका, पान खाऊन खाऊन त्यांचे शब्द पण लाल झालेले. एक दिवस तुमचा खोका सायकलवर बांधून त्यांच्याकडे नेला. काकांनी अर्धं गाणं ऐकलं आणि म्हणाले, "वच्चेनो अवाज ज नथी." मधला आवाजच नाही. मग मला मराठी-हिंदी-गुजराती मिसळून समजावलं की मोठ्याचं काम ढोलकी, छोट्याचं काम झांज, आणि माणूस बोलतो तो दोघांच्या मधल्या खड्ड्यात पडतो. वर ट्विटरच्या तारा उलट्या लावलेल्या होत्या, त्यामुळे जिथे दोघे थोडेफार भेटत होते तिथेही एक पुढे ढकलायचा आणि दुसरा मागे ओढायचा. "नवरा-बायको जेवुं," काका म्हणाले, म्हणजे नवरा-बायकोसारखं.

आबा, मी आयुष्यात एवढं मन लावून दुसरं काही केलं नाही. तारा सुलट्या केल्या. खोका कोपऱ्यातून काढून पत्र्याच्या पेटीवर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला ठेवला, तेव्हा ढोलकीचा घुमारा कमी झाला आणि बाई जरा पुढे आली. मग मधला स्पीकर आणला, तळहाताएवढा, कागदी पडद्याचा. पेटीला भोक पाडून तो बसवला. मोठ्या स्पीकरचा वारा आतून त्याला ढकलायचा म्हणून त्याच्या पाठीवर तुपाचा रिकामा डबा कापून उलटा बसवला आणि डब्यात तुमच्याच खात्यातलं वेस्ट भरलं, ते धाग्यांचे मऊ गुंते. काकांनी कंडेन्सर दिला, जाड आवाज या छोट्याकडे जाऊ नये म्हणून. संध्याकाळी आपल्या गल्लीतली माणसं जमली. सगळे मागवाले, कोणी धुळ्याचे, कोणी नंदुरबारकडचे. मी कॅसेट लावली.

"बरं शे," एक जण म्हणाला, "पन बाई गोधडीतून बोलतेय."

"नवी नवरी असेल," दुसरा म्हणाला आणि हशा झाला.

तुम्ही हसला नाहीत. तुम्ही म्हणालात, "आवाज येस, पन बोल समजस नही." मग मी मधल्याचा जोर वाढवला. ट्विटर आणखी मोकळा केला. पुन्हा सगळ्यांना बसवलं. अजून थोडं, म्हणाले. पुन्हा वाढवला. असं होता होता एकदा सगळी गल्ली म्हणाली, हां, आता बोल निघतो. तुम्ही जाळीपासून कान काढलात आणि मान हलवलीत. मला वाटलं, झालं.

मी तुमच्याकडे बघत होतो, आबा. तुमची मान नावावर हलली नव्हती. ती बायकांच्या हसण्यावर हलली. हळदीला दारात उभं राहून हसलात, तशीच. पण तेव्हा मी स्वतःला सांगितलं की मला भास झाला.

पॉवरच्या सुट्टीच्या दिवशी, म्हणजे कारखान्यांची वीज बंद असते त्या दिवशी, आत्या आली, अमळनेरकडून, पोत्यात बाजरी आणि शेवगा घेऊन. दुपारची वेळ, खाती बंद, त्यामुळे गल्लीत एवढं शांत की शेजारच्या खोलीतलं पीठ चाळणं ऐकू येत होतं. मी मोठ्या ऐटीत कॅसेट लावली. आत्याने पहिल्याच ओळीला दोन्ही हातांनी कानांवर पदर दाबला. "अरे बंद कर ते. कानमा सुई टोचस."

मी म्हटलं, आत्या, हा मायचा आवाज.

"ती अशी किंचाळे का रे कधी?"

तुम्ही आत्याचे कानावरचे हात बघत होता. तिचं बोलणं तुम्हाला ऐकू आलं की नाही कोण जाणे, पण हात दिसले. मग तुम्ही खोक्याकडे बघितलंत, मग आपल्या दारातून दिसणाऱ्या ओट्यावरच्या माणसांकडे, ज्यांनी ज्यांनी पसंतीची मान हलवली होती त्यांच्याकडे. आणि हळूच म्हणालात, "माले ते आत्ता कोठे ऐकू येवाले लागनं." मला तेव्हा कळलं. खोक्यात खड्डा होता तो मी बुजवला होता. उरलेला खड्डा तुमच्या कानात होता, सगळ्या गल्लीच्या कानात होता, आणि तो मागांनी पाडला होता. मी मागवाल्यांच्या कानांना विचारून विचारून सूर लावत बसलो होतो.

आत्याने विचारलं, हे सगळं कशासाठी. मी सांगितलं. तिने कानांवरचा पदर खाली घेतला. मग म्हणाली, "मी काय यानी बायको शे का, उखाना लेवाले?" आणि उठली, आणि खोक्याच्या पुढे, तुमच्या समोर मांडी घालून बसली. मला म्हणाली, आवाज कमी कर. कॅसेट मागे घे.

माय बोलायला लागली आणि आत्याने तिच्याबरोबर नुसते ओठ हलवले. उभा धागा. आडवा धागा. हळदीला ती तिथेच बसलेली होती, तिला सगळं पाठ होतं. तुम्ही तिच्या तोंडाकडे बघत होता, खात्यात बघायचात तसे. तिथे कोणी कोणाचं ऐकत नाही, कान चालतच नाहीत, तोंड बघून समजून घेतात. मी डबा द्यायला यायचो तेव्हा दोन मागांच्या मधून तुम्ही लोक ओठांवरच शिव्या द्यायचात आणि ओठांवरच हसायचात. नाव आलं. आत्याच्या ओठांवर तुमचं नाव आलं आणि खोक्यातून मायचा आवाज आला, आणि तुमच्या चेहऱ्यावर जे झालं ते मी लिहू शकत नाही. कॅसेटमध्ये मागून बायका हसल्या, तेव्हा तुम्ही हसला नाहीत. तुम्ही बोट वर केलंत.

"आखो एकदाव लाव."

मी लावली. आत्याने पुन्हा ओठ हलवले. तिसऱ्यांदा तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ओठ नीट हलत नव्हते, तेव्हा तुम्ही तिच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणालात, "बस व्हयनं." नंतर तुम्ही ती कॅसेट कधी मागितली नाहीत. खोक्यावर लोकांची गाणी वाजायची, तुम्ही खोक्याकडे पाठ करून बसायचात.

त्यानंतर मला आपल्या घरातल्या कितीतरी गोष्टी उलट्या दिसायला लागल्या. लोकांचे बाप पोरांना म्हणतात मान खाली घालून बोल, तुम्ही माझ्यावर खेकसायचात, "तोंड वर करीसन बोल." मला वाटायचं तुम्ही मला मर्द करताय. माय चुलीकडे तोंड करून बोलायची आणि तुम्ही उत्तर द्यायचा नाहीत, मग ती रागाने पातेलं आपटायची. तिला वाटायचं तुम्ही लक्ष देत नाही. अख्खा संसार तुम्ही तिच्या पाठीशी केलात, ओठ तुम्हाला दिसलेच नाहीत.

आता रस्त्यात कुठे स्पीकर लागला, चहाच्या टपरीवर, गणपतीत, की मी थांबतो. मधला आवाज कुठे आहे ते आधी बघतो, आणि तेवढ्यात मागून कोणीतरी विचारतं, ती काय बोलस. वळून बघायची सवय अजून गेली नाही. कॅसेटच्या शेवटी बायकांचं हसणं संपल्यावर एक खोकला आहे, पुरुषाचा, दाराच्या बाजूने. तुम्ही होतात तेव्हा तो माझ्या लक्षात आला नव्हता. आता तोच सगळ्यात स्पष्ट ऐकू येतो.

हे पाठवायचं कुठे, तुम्हीच सांगा. शिवाय एक गोष्ट मला कोणाला सांगता आलेली नाही. मी मागावर कधी टिकलो नाही, माझे कान चांगले आहेत. तरी तो मधला स्पीकर मी तुमच्या कानांच्या मापाने लावला होता तसाच ठेवलाय, टोचणारा. मध्ये एकदा त्याचा जोर कमी करून बघितला, आत्या म्हणाली तसा. आतून एक मऊ, जराशी दमलेली बाई बोलायला लागली. ती चांगली होती, पण मी तिला ओळखलं नाही. मी तार पुन्हा होती तिथे लावली. मायचा खरा आवाज कुठला, ते आता मला आठवत नाही, आबा.