सतरा नंबरची खोली

सिस्टर, नववीत तुम्ही मला दिलेलं पोस्टकार्ड आज सामान बांधताना पुन्हा हातात आलं. तळ्याकाठचं जुनं हॉटेल, हिरव्या झडपांच्या खिडक्या, आणि पाठीमागे तुमच्या ठसठशीत अक्षरात ‘खोली सतरा’. युरोपात शिकायला असताना तुमची गाडी चुकली आणि एक रात्र तुम्ही तिथे काढलीत, हे तुम्ही भूगोलाच्या तासाला इतक्यांदा सांगितलंत की त्या लाकडी जिन्याची कुरकुर आम्हाला पाठ होती. सकाळी पडदा सारला की समोर तळं. मी त्यावर निबंध लिहिला, जणू मीच जाऊन आले. तुम्ही लाल शाईने समासात विचारलंत, "तू तिथे झोपली आहेस का?" आणि आठवड्याने हे कार्ड दिलंत. रागावला होतात की लाड केलात, मला अजून ठरवता आलेलं नाही.

लग्नानंतर मी रियाधला आले आणि बावीस वर्षं एका ट्रॅव्हल एजन्सीच्या बायकांच्या कक्षात बसून युरोप विकला. लग्न ठरलेल्या मुली येतात, आठ दिवसांत पाच देश मागतात. मी म्हणते, "विमान नको. सावकाश जाणारी गाडी घ्या, एकाच जुन्या हॉटेलात चार दिवस राहा." मग जिना, पडदा, तळं. मी स्वतः कधी गेले नव्हते. आमची प्रत्येक रजा माहेर आणि सासर यांत वाटून संपायची. कोणी विचारलंच, तर मी "फार सुंदर आहे" एवढंच म्हणायची.

आता या कामावर सौदी माणसंच हवीत असा नियम झाला. माझ्या जागी आलेल्या मुलीला मीच शिकवलं. हुशार आहे, तोंडाळ आहे. कायमचं घरी जाताना वाटेत मी आणि हे त्या हॉटेलात चार दिवस राहणार होतो. गिऱ्हाइकांना हॉटेल देईल ती खोली मिळे. सतरा मात्र मी आमच्यासाठी मागून घेतली. आणि परतीनंतरही इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, तीन महिने शिल्लक हवा, असं रोज दहा जणींना बजावणाऱ्या मी, युरोपचा व्हिसा घेण्याआधीच देश सोडण्याचा शिक्का, फायनल एक्झिट, मारून घेतला. इकामाच संपला, आता व्हिसा कसला!

हे म्हणाले, "जगाला शहाणपण विकलंस, एक नग घरी ठेवायचा होतास."

माझ्या जागी आलेली ती मुलगी खो खो हसली. "खलास मॅडम, तुमची खोली माझी!" तिचं लग्न तोंडावर होतं, व्हिसा तयार होता. मी बुकिंग तिच्या नावावर करून दिलं.

परवा तिथून तिचा फोन आला. "मॅडम, जिना दगडी आहे. आणि तळं कुठाय? खिडकीतून रेल्वे स्टेशन दिसतं."

"खोली बदलून दिली असेल."

"सतराच आहे. इथल्या म्हाताऱ्या बाईंना विचारलं. जिना पहिल्यापासून हाच, तळं पहिल्यापासून मागच्या बाजूला." मग मला सांभाळून घेत, "तुम्ही दुसऱ्या खोलीत राहिला असाल. हो ना?"

मी हो म्हणाले.

सिस्टर, गाडी चुकलेलं माणूस स्टेशनच्या बाकावरही रात्र काढतं, आणि समोरच्या हॉटेलचं पोस्टकार्ड स्टेशनातल्या दुकानातही मिळतं. तुमचा लाल शाईतला प्रश्न मी तुम्हाला विचारणार नाही. कार्ड हातातल्या पर्समध्ये ठेवलं आहे. तिला मात्र मी अजून खरं सांगितलेलं नाही. तुमच्याविषयी नाही, आणि माझ्याविषयी तर नाहीच.