पिवळे दिवे

मंगळवार, दिवेलागणीला

वर्षभर नवऱ्याला सांगत होते, व्हॅनचे दिवे खाऱ्या वाऱ्याने पिवळे पडलेत, पहाटे मासळी घेऊन मनोरला जाताना खड्डे दिसत नाहीत. त्यांचं एकच, "सावकाश चालव."

आज स्वतःहून पॉलिश पेपर आणि पाणी घेऊन बसले. पिवळा गाळ ओघळला, दिवे लख्ख झाले. मी भुलले. बोंबील तळून दिले.

ताट संपवून म्हणतात, "उद्या बोईसरचा मानूस गाडी बघायला येतोय. ठरलं तर देऊन टाकू."

मग मी मासळी कशातून न्यायची? विचारलंसुद्धा नाही मला. आणि मी बोंबील तळले.

वर म्हणे, "तूच चालवून दाखव, तुजा हात बसलाय. आता रस्ता पन साफ दिसेल."