डावीकडे एक वीत

अगादीर,
१२ नोव्हेंबर

प्रिय बूशाइबदादा,

सलाम. इकडे सगळे ठीक. हनियाचा खोकला एकदाचा गेला, तिने जाऊबाईंना सलाम सांगितलाय. आईचा गुडघा कसा आहे? भट्टीला नवं दार बसलं का?

रविवारी इथली गोल्फ स्पर्धा जिंकलो. ही अकरावी. आपल्या दुय्यम टूरवर आजवर इतक्या कुणीच जिंकल्या नाहीत म्हणे. म्हणून येत्या शनिवारी अल जदीदाच्या मैदानावर माझा सत्कार ठेवलाय. माझी बॅग वाहणारा पहिला कॅडी म्हणून बॅगेपाशी तू उभं राहावंस, असं टूरवाल्यांचं म्हणणं आहे. माझंही.

आता तुला वाटेल, केवढा मोठा झाला! अरे, कसला मोठा. अकरा जिंकायला इथे बारा वर्षं पडून राहावं लागतं. जे खरे चांगले होते, ते दोन-तीन जिंकून वर्षाअखेरीस पहिल्या पंधरात आले आणि मोठ्या टूरवर गेले. परवा जेवताना इजिप्तचा शरीफ म्हणाला, "लारबी, तू म्हणजे इथला हेडमास्तर. पोरं पास होऊन जातात, तू आपला त्याच शाळेत!" सगळे हसले. मीही हसलो आणि ताट अर्धवट टाकून उठलो.

दादा, नऊ वर्षांपूर्वीचा तो शेवटचा होल. त्याचं नाव काढायचं नाही, असं आपण न बोलताच ठरवलंय. आज काढतो. तो छोटा फटका होलमध्ये पडला असता तर मी पंधरावा होतो. तू हिरवळीवर पालथा पडून उतार बघितलास आणि म्हणालास, "डावीकडे एक वीत धर. बाकी चेंडू आपोआप येतो." चेंडू होलच्या उजवीकडून निघून गेला. मी सोळावा.

मग घरी, शुक्रवारच्या कुसकुसच्या ताटावर, तू आईला म्हणालास, "माझ्या डोळ्यांनी याचं वाटोळं केलं." पुन्हा कधी बॅग उचलली नाहीस. मी मान खाली घालून जेवत राहिलो.

तू बरोबर सांगितलं होतंस. उतार मलाही दिसत होता. मी मुद्दाम सरळ मारला.

भ्यालो रे. इथे मी वाघ होतो, वर गेल्यावर मला कुत्रं विचारणार नव्हतं. तिथे तोंडावर आपटण्यापेक्षा इथे हुकलेलं बरं, एवढंच त्या क्षणी डोक्यात आलं. दोष तू आपणहून घेतलास आणि मी तो घेऊ दिला. याची लाज मला रोज वाटते.

अख्खी गल्ली तुझ्या भट्टीत भाकऱ्या भाजायला पाठवते, एकीवरही खूण नसते, तरी तू कधी एका घरची दुसऱ्या घरी दिली नाहीस. आणि दुसरं काही बघायला सांगितलं की म्हणतोस, "मला नका विचारू, माझी नजर गेली." ईदचा मेंढा निवडायलासुद्धा शेजाऱ्याला घेऊन जातोस. नऊ वर्षं मी हे बघतोय आणि गप्प बसतोय.

शनिवारी हे सगळ्यांसमोर माईकवर सांगणार आहे. पण आधी तुला कळायला हवं होतं. आईला तू सांगू नकोस, ते माझं मी सांगेन. आलास तर बॅग मीच उचलेन. नाही आलास, हे पत्र भट्टीत घातलंस, तरी माझी तक्रार नाही. फक्त पुढच्या ईदला मेंढा तू निवड.

तुझी नजर शाबूत असल्याचं नऊ वर्षं लपवून ठेवणारा,
लारबी