शेरॉनचं वाक्य

प्रिय आईला ओमानमधल्या सीबहून प्रभूमध्ये सलाम,

आम्ही बरे आहोत. तुझा गुडघा कसा आहे?

इथे रविवारची शाळासुद्धा शुक्रवारीच भरते. काल चर्चमध्ये मुलांची नाटुकली होती. आपली शेरॉन मेंढपाळ झाली होती. "माझा मेंढी हरवला," असं ती म्हणाली आणि सगळे खो खो हसले. वर बाईंनी तिच्या हातातला माईक काढून दुसऱ्या मुलीला दिला! मी तिथेच उठले. म्हटलं, "तिचं वाक्य तिलाच पुरं करू द्या."

सगळ्यात मोठ्यानं हसले ते तुझे जावई. घरी येऊन मी पोळ्या आपटतच लाटल्या.

शेरॉननं वाक्य पुरं केलं, पण तेव्हापासून ती आमच्याशी इंग्रजीतच बोलतेय. पत्र मिळालं की तिला फोन कर, मराठीतच बोल. चुकली तर हसू नकोस गं.

तुझी,
करुणा