मारिसोलचा सीमाभाग

प्रिय बेबी,

परवा फोनवर तू पुन्हा पुन्हा एकच प्रश्न विचारत होतीस आणि मी इथे सिंगापूरला हौगांगच्या बाजारात मेथी मिळत नाही वगैरे सांगत बसले. फोनवर मला नीट बोलता येत नाही. आयुष्यभर फळ्यावर लिहिलं, त्यामुळे हातात पेन असलं की डोकं चालतं. म्हणून हे पत्र. सावकाश वाच.

माझ्या सुनेला, मारिसोलला, तू लग्नात पाहिलंस तेवढंच. नागपूरच्या विहारात पांढरी साडी नेसून तिनं त्रिसरण बिनचूक म्हटलं, आणि तुम्ही सगळ्यांनी तिला 'नरेशची अमेरिकन बायको' करून टाकलं. ती एल पासोची. अमेरिकेच्या अगदी टोकाचं शहर. नदीवरचा पूल ओलांडला की पलीकडे मेक्सिकोचं हुआरेझ. वडील ओहायोकडचे गोरे, सैन्यातले. आई हुआरेझची. आईची आई, ओफेलिया, अजून तिथेच राहते.

घरात स्पॅनिश बोलायची नाही, असा तिच्या आईचा कडक नियम होता. रविवारी पूल ओलांडून आजीकडे जायचं, आजी बोलत राहायची आणि ही पोर नुसती मान हलवायची. अमेरिकेतल्या शाळेत तिला मेक्सिकन म्हणून हिणवायचे, आणि पलीकडची मावसभावंडं 'पोचा' म्हणायची. स्वतःची भाषा हरवून बसलेल्या मुलीला तिकडे असं चिडवतात. मी तिला सांगितलं, आमच्याकडे भांडं आदळलं की त्याला पोचा येतो. ती हसली, आणि मग म्हणाली, "आई, ते बरोबरच आहे." कॉलेजला गेली ती परत त्या शहरात राहायला गेलीच नाही. सिंगापूरला आली, वन-नॉर्थ भागातल्या एका प्रयोगशाळेत लागली, तिथेच नरेश भेटला. कुणी विचारलं तर 'अमेरिकन' म्हणायची आणि विषय संपवायची. तिची आई करोनाच्या साथीत गेली तेव्हा तिला जाता आलं नाही. त्याबद्दलही ती कधी बोलली नाही.

गेल्या वर्षी आपल्या नातीच्या, गार्गीच्या, शाळेत रेशियल हार्मनी डे होता. मुलं त्या दिवशी आपापल्या समाजाचे कपडे घालून येतात. मी तिच्यासाठी परकर-पोलकं काढून ठेवलं. तिनं ते घातलं नाही, शाळेचा युनिफॉर्मच चढवला. का म्हणून विचारलं तर म्हणाली, "आय नथिंग ला." म्हणजे मी कुणीच नाही; इथल्या मुलांच्या इंग्रजीत शेवटी 'ला' येतोच. तिनं ते रडून वगैरे सांगितलं नाही. आज पाऊस नाही म्हणावं तसं म्हणाली. मारिसोल बुटाची नाडी बांधत होती, तिचा हात तसाच राहिला.

महिन्याभरात तिनं एल पासोच्या विद्यापीठाचा एक ऑनलाइन कोर्स घेतला. विषय सीमाभागाचा. मला वाटलं, बेळगाव-निपाणीसारखं असेल, कुठलं गाव कुणाचं ते. तसं नव्हतं. सीमेवर राहणाऱ्या माणसांचं काय होतं, त्यांची भाषा, गाणी, स्वयंपाक, शिव्या, सगळं त्यात होतं. ती जेवताना मला सांगायची. तिकडची माणसं एकाच वाक्यात दोन्ही भाषा बोलतात, त्याला ती इतके दिवस अडाणीपणा समजत होती. आता कळलं की तीच तिथली बोली आहे. अर्धी ही आणि अर्धी ती, असा हिशोबच चुकीचा, असं ती म्हणायची. मला पुण्यातली माझी पहिली नोकरी आठवली. मी 'येऊन राहिले' म्हटलं की स्टाफरूम हसायची. मी जीभ सरळ केली, आणि दिवाळीत घरी आले तर तू म्हणालीस, ताई रेडिओसारखी बोलून राहिली.

कोर्ससाठी घरातल्या वडीलधाऱ्या माणसाकडून त्यांचं आयुष्य ऐकून घ्यायचं होतं. एका शनिवारी सकाळी तिनं लॅपटॉपवर ओफेलियाला फोन लावला. मी मागे बसून शेंगा निवडत होते. मारिसोल अडखळत बोलत होती, शब्द अडला की इंग्रजी घालत होती. मग तिनं विचारलं, आईनं मला स्पॅनिश का बोलू दिली नाही? त्यावर ओफेलिया जे बोलली ते मारिसोलनं मला मागाहून सांगितलं. तिची आई लहानपणी एल पासोला मावशीकडे शिकायला होती. शाळेच्या मैदानात तोंडातून स्पॅनिश निघाली, तर बाईंनी हात पुढे करायला लावून पट्टीनं मारलं. घरी येऊन ती म्हणाली, मोठेपणी माझ्या पोरांना हा मार बसू देणार नाही. मारिसोल आजवर समजत होती की आईला ओफेलियाची लाज वाटायची.

बोलता बोलता ओफेलियानं विचारलं असावं, मागे बसलेली बाई कोण. मारिसोलच्या उत्तरातला 'मामा', म्हणजे आई, एवढाच शब्द मला कळला.

फोन ठेवल्यावर ती रडली नाही. मी धुऊन ठेवलेले तांदूळ तिनं परत धुतले. पण त्या दिवसापासून ती गार्गीशी बसमध्येसुद्धा स्पॅनिश बोलते. चुकतं, तरी बोलते. कुणी विचारलं तर सांगते, मी एल पासोची, पुलाच्या दोन्ही बाजूंची. यंदाच्या हार्मनी डेला गार्गी परकर-पोलकं घालून गेली, वर ओफेलियानं पाठवलेली भरतकामाची शाल. वर्गात कुणीतरी 'तू नक्की कोण' म्हणून विचारलं, तर म्हणाली, "ऑल माइन ला."

आता मारिसोलला एल पासोच्या त्याच विद्यापीठात दोन वर्षांच्या एम.ए.ला प्रवेश मिळालाय. नरेश आठवडाभर धुसफुसला. चांगली नोकरी सोडून हे काय, म्हणाला. ती म्हणाली, "माझी आजी नव्वदीला आली आहे आणि मला आत्ता कुठे तिच्याशी बोलता यायला लागलंय." त्याला इथलं काम सोडता येणार नाही. तो सुट्टीत जात-येत राहील. गार्गी तिच्याबरोबर जाईल.

तुझा प्रश्न होता, तिकीट कधीचं काढतेस. तिकीट काढलंय बेबी, पण नागपूरचं नाही. मारिसोल एका शब्दानंही मला 'चल' म्हणाली नाही. मीच म्हटलं, पोरीला शाळेतून आणायला कुणीतरी लागेल. व्हिसाही मिळाला. तू वरची खोली रंगवून घेतलीस, माझ्या गुडघ्यांसाठी जिन्याला कठडा बसवलास, हे तुझ्या विक्रांतकडून कळलं. तू बोलली नाहीस. दोघींचे नवरे गेल्यावर म्हातारपण एकत्र काढायचं, एवढंच आपलं ठरलेलं उरलं होतं. ते मी पुढे ढकलतेय असं लिहिणार होते, पण माझं वय तुला ठाऊक आहे. तेव्हा माझ्यासाठी खोली अडवून ठेवू नकोस. एखादी शिकणारी मुलगी मिळाली तर तिला देऊन टाक. तुला सोबत होईल. रागावली असशील तर फोन करू नकोस, पत्र लिही. मी वाट बघेन.

घरच्या सगळ्यांना जयभीम.

तुझीच,
ताई