आंजीची खोली

बाबा, आज मी तुमच्यावर चिडलेली आहे. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तेव्हा आता चिडून उपयोग नाही हे मलाही कळतं, पण हॉटेलात माझं ऐकून घेणारं कुणी उरलेलं नाही. स्वयंपाकी आहे, पण त्याला एका कानाने ऐकू येत नाही आणि दुसऱ्याने तो ऐकत नाही.

हिंगणघाटच्या भर बाजारात वर बारा खोल्या आणि तळाला भोजनालय. आजोबांनी बांधलं, तुम्ही चालवलं, मी ओढते आहे. खोल्यांना तुम्ही कधी नंबर दिले नाहीत. कापूस विकायला आलेली माणसं गावागावाने उतरायची, बाजारातली रांग चार-चार दिवस हलायची नाही. म्हणून जिन्याजवळची ती नाचणगावची खोली, गॅलरीतली आंजीची. परवान्यासाठी मी दारांवर नंबर रंगवून घेतले, तरी स्वयंपाकी अजून ‘नाचणगावात दोन चहा’ असंच ओरडतो आणि नवं गिऱ्हाईक बिचकतं. आता कापूस सकाळी गाडीतून येतो आणि दुपारी गाडी रिकामी होऊन परत जाते. मुक्कामाची गरजच कुणाला आहे? बाकीचे हायवेवरच्या हॉटेलात उतरतात, तिथे एसी आहे, गाडी लावायला जागा आहे. आपल्याकडे उंच छत आहे, तेही गळतं.

मी कॉलेजात होते तेव्हा तुम्ही एकदा लग्नाला गेलात आणि मला काउंटरवर बसवलंत. जिनिंगची मशीन दुरुस्त करायला आलेल्या मिस्त्रीला मी आंजीची खोली दिली. दुपारी आंजीचे पाच जण वळकट्या घेऊन आले आणि काउंटरवर काही न विचारता सरळ वर गेले, कारण त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. तुम्ही परतलात तेव्हा ते पाचही जण ओट्यावर बसून होते. मी म्हटलं, खोली सकाळपासून रिकामी होती. तुम्ही आवाजही चढवला नाही.

“खाली नव्हती थे. आंजीवाले अजून याचे होते.”

मग त्यांना आपल्या घरी नेलंत आणि पुढच्या खोलीत सतरंज्या मला अंथरायला लावल्या. आई पुन्हा वांगी चिरायला बसली आहे, मी रागाने सतरंजी झटकते आहे आणि त्यांच्यातला एक म्हातारा, राहू दे बाई, म्हणत माझीच समजूत काढतो आहे. त्या दिवसापासून ती खोली मी दुसऱ्या कुणाला दिली नाही. याला शहाणपण म्हणावं की खुळेपणा, तुम्हीच सांगा.

परवा इथे कॉम्प्लेक्स बांधायला निघालेला माणूस कागद घेऊन आला. किती खोल्या रिकाम्या आहेत ते तेवढं लिहून सही करायची होती. माझे गुडघे जिना चढू देत नाहीत, छताचं काम झेपत नाही, विकल्याशिवाय गत्यंतर नाही, हे मीच पुण्याच्या भावाला वर्षभर पटवत होते. आणि मी लिहिलं, अकरा. तो माणूस वर जाऊन एकेक दार उघडून आला. आंजीच्या खोलीत धुतलेली चादर आणि भरलेला माठ. इथे कोण राहतं, असं त्याने विचारलं आणि नेमकं तेवढंच स्वयंपाक्याला ऐकू गेलं. तो म्हणाला, “आंजीवाले.” ते गेले की कळवा, म्हणून त्या माणसाने कागद परत खिशात घातला.

भावाने फोनवर विचारलं, “ताई, आंजीचं शेवटचं कोण आलतं?” मला आठवेना. सहा-सात वर्षं तरी झाली असतील.

“मंग खोली अडवून काऊन ठेवली?”

मी म्हटलं, बाबांनी लावलेली सवय आहे, माझा काय दोष. तो चिडला, तो तुमच्यावरही चिडला आणि मला बरं वाटलं.

गुरुवारी तो माणूस पुन्हा येणार आहे. तुम्हाला लिहिलेला हा कागद मी काउंटरच्या खणात टाकते आहे. तुमच्या शेवटच्या आजारपणात तुम्ही माझा हात धरून म्हणाला होतात, “मी गेल्यावर इकून टाकजो. यात जीव नको अडकवू.” खोलीत तेव्हा आपण दोघंच होतो. भावाला मी हे अजून सांगितलेलं नाही.